तिकडे चालेल का?

शिकागोच्या उत्तर भागात डेव्हन ॲव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे. इकडच्या देशी माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. वेस्टर्न ॲव्हेन्यूपासून पश्चिमेकडे चालायला लागलं की दोन्ही बाजूंना साड्या, सोनं, पान, हलाल मटण, मिठाई आणि तांदळाची पोती. रस्त्याच्या एका तुकड्याला मानाचं नाव आहे गांधी मार्ग, आणि दुसऱ्या एका तुकड्याला महंमद अली जिना वे. (म्हणजे फाळणी इथंही झालीच, फक्त पलीकडे जायला व्हिसा लागत नाही.) आज अमेरिकाभर दुकानं असलेल्या पटेल ब्रदर्सची सुरुवात १९७४ साली याच रस्त्यावर झाली.

या रस्त्यावर एके काळी एका खास जातीची दुकानं भरभराटीला आली होती. पाटीवर ठळक आकडा: २२०. आत मिक्सर, इस्त्र्या, टीव्ही, व्हीसीआर. सगळं भारतात, पाकिस्तानात चालेल असं. देशात जायच्या आधीच्या शनिवार-रविवारी लोक तिथं यायचे, आणि प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून एकच प्रश्न विचारायचे: "तिकडे चालेल का?"

हा प्रश्न विचारणारी सगळी माणसं काही इंजिनियर नव्हती. पण इकडे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि तिकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, हे त्यांना पाठ होतं. ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज बदलतं पण फ्रीक्वेन्सी बदलत नाही, म्हणून विजेच्या ठोक्यांवर चालणारं इकडचं घड्याळ तिकडे तासाला दहा मिनिटं मागं पडतं, हेही कुणीतरी अनुभवानं सांगायचं. व्हिडिओचं तर विचारूच नका. इकडचं एनटीएससी, ५२५ रेघांचं. तिकडचं पाल, ६२५ रेघांचं. कॅसेट तीच, आकार तोच, मशिनमध्ये ती सुरळीत आत जायची आणि फिरायचीसुद्धा, पण पडद्यावर चित्र काही धड यायचं नाही. बहिणीच्या लग्नाची कॅसेट हातात आहे, मशिन समोर आहे, आणि लग्न दिसत नाही! ज्यानं हे एकदा भोगलं तो पुढच्या वेळी मल्टिसिस्टिम व्हीसीआरच मागायचा.

मंडळी, माझं म्हणणं असं आहे की हा डेव्हनवरचा प्रश्न आपण विसरलो, आणि अगदी नको त्या वेळी विसरलो. त्या कॅसेटमधलं लग्न आता हार्ड डिस्कवर आहे. आजोबांचा आवाज, मुंजीचे फोटो, सातबाराचं स्कॅन, आईनं फोनवर सांगितलेल्या पाककृती, सगळं तिथंच. आणि ती डिस्क ज्या डब्यात बसवली आहे तो विकत घेताना कुणीही विचारत नाही, की बाबा रे, हा डबा उद्या मेला तर ही डिस्क दुसरीकडे चालेल का?

हा डबा म्हणजे घरगुती फाइल सर्व्हर. दोन-चार डिस्का बसतील असा चपलांच्या खोक्याएवढा संगणक. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. राउटरला जोडायचा, की घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना त्याच्यावर फायली ठेवता येतात. इकडे बऱ्याच देशी घरांत टीव्हीच्या मागं तो गुणगुणत असतो. आता पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्येही दिसायला लागला आहे, बहुतेक वेळा कुठल्यातरी माझ्यासारख्या दीडशहाण्यानं सुट्टीत येऊन बसवून दिलेला. वस्तू उत्तम आहे, माझ्याकडेही आहे. माझं भांडण डब्याशी नाही. डबा घेताना आपण गहाण टाकतो त्या गोष्टीशी आहे.

डिस्क हलवणं म्हणजे काय, हे आधी पाहू. सर्वसाधारण समजूत अशी असते, की डिस्क म्हणजे पुस्तकांचं कपाट. या खोलीतून उचललं, त्या खोलीत ठेवलं. एकुलत्या एका डिस्कच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरंही आहे. पण चार डिस्कांच्या डब्यात पुस्तकं कपाटांत लावलेली नसतात. प्रत्येक पुस्तकाची पानं सुटी करून तीन कपाटांत वाटलेली असतात, आणि चौथ्यात अशी बेरीज मांडून ठेवलेली असते की एक कपाट जळलं तरी उरलेल्या तिघांवरून त्यातली पानं पुन्हा लिहून काढता यावीत. (खरं तर ही बेरीजही चौघांत आळीपाळीनं वाटतात, पण ते असो.) या युक्तीचं नाव रेड. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधातून हे नाव रूढ केलं. युक्ती सुंदर आहे. पण मग लाखमोलाचा प्रश्न उरतो: कुठलं पान कुठल्या कपाटात, ही यादी कुणाकडे असते?

याची उत्तरं तीन आहेत, आणि माझा सगळा वाद या तिघांतला आहे.

पहिलं उत्तर: यादी त्या डिस्कांवरच लिहिलेली असते, आणि ती कशी वाचायची हे जगजाहीर असतं. दुसरं: यादी कशी लिहायची हे एका विशिष्ट हार्डवेअर कार्डाला ठाऊक असतं, कार्ड जळलं की त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड शोधत फिरायचं. तिसरं: यादी डिस्कांवरच असते, पण कंपनीच्या गुप्त लिपीत. ती फक्त त्या कंपनीच्या डब्यालाच वाचता येते.

पहिल्या प्रकाराला मी विंचवाचं बिऱ्हाड म्हणतो. पाठीवर संसार घेऊन फिरणारी डिस्क. लिनक्समध्ये एमडी नावाची जी रेडची सोय आहे ती प्रत्येक डिस्कवर एक छोटी नोंद ठेवते: मी कुठल्या गटातली, त्या गटात किती जणी, माझा नंबर कितवा. झेडएफएस नावाची फाइल सिस्टिम तर असं ओळखपत्र प्रत्येक डिस्कवर चार ठिकाणी ठेवते, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटाला. अशा डिस्का कुठल्याही क्रमानं, कुठल्याही खाचेत बसवा, त्या आपसांत ओळख पटवून घेतात.

माझ्या ओळखीतल्या एका काकांचं उदाहरण देतो. काका निवृत्त आहेत, उपनगरात राहतात. त्यांचा चार डिस्कांचा डबा एके दिवशी बंद पडला. (कंपनीचं नाव सांगत नाही, मुद्दा तो नाही.) काकांनी दुसऱ्या कंपनीचा नवा डबा आणला, चारही डिस्का त्यात सरकवल्या आणि चालू केला. पडद्यावर नम्र प्रश्न आला, की नव्या डिस्का सापडल्या आहेत, इनिशियलाइझ करू का? काकांनी उभी हयात हिशेबात घालवलेली. न कळलेल्या कागदावर सही करायची नाही, हा त्यांचा बाणा. त्यांनी सरळ वीज बंद केली आणि चारही डिस्का मिठाईच्या खोक्यात टिश्यू पेपरांत गुंडाळून माझ्याकडे आणल्या. कुठली पहिली, कुठली चौथी, काही लिहिलेलं नव्हतं. पण त्यांच्या जुन्या डब्याच्या पोटात साधं लिनक्स होतं. माझ्या एका जुन्या डेस्कटॉपला चारही केबली जोडल्या, फक्त वाचण्यापुरती परवानगी देऊन गट जुळवायला सांगितला, आणि काही मिनिटांत त्यांच्या आईचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला. यात माझी हुशारी शून्य. श्रेय ती नोंद डिस्कवर उघड्या लिपीत लिहिणाऱ्यांचं, आणि "हो"चं बटण न दाबणाऱ्या काकांचं.

त्या "इनिशियलाइझ"बद्दल दोन शब्द. नव्या डब्याला परक्याची मांडणी कळली नाही, तर "मला हे वाचता येत नाही" असं म्हणायला हवं. बरेच डबे तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, "डिस्क तयार करू का?" म्हणजे निरक्षर माणसानं पत्र हातात घेऊन "कागद कोरा आहे, वाण्याची यादी लिहू का?" असं विचारण्यासारखं झालं. ही भाषा लिहिणाऱ्यांनी किती घरांचे अल्बम पुसले असतील कोण जाणे. पण चूक वापरणाऱ्याची ठरते, कारण बटण त्यानं दाबलेलं असतं.

आता झेडएफएसची गोष्ट ऐका, कारण यात सगळा सिद्धांत आहे. ही फाइल सिस्टिम सन मायक्रोसिस्टिम्सनं बनवली आणि २००५ साली तिचा सोर्स कोड खुला केला. २०१० साली ओरॅकलनं सन गिळंकृत केली आणि नव्या कोडचं दार बंद झालं. एरवी इथं गोष्ट संपली असती. पण जे खुलं झालं होतं ते खुलंच राहिलं. लोकांनी ते पुढं चालवलं आणि २०१३ साली ओपनझेडएफएस या नावाखाली ही कामं एकत्र आली. त्याच्यावर उभी असलेली फ्रीनॅस ही घरगुती सर्व्हरची प्रणाली २०२० साली ट्रूनॅस झाली. पुढं तिचा पायाच फ्रीबीएसडीवरून लिनक्सवर हलला, आणि २०२२ साली तिची लिनक्सवरची आवृत्ती बाहेर आली. म्हणजे पहा: जन्मदाती कंपनी गेली, नाव बदललं, खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, आणि तरीही लोकांनी त्याच डिस्का उचलून नव्या प्रणालीला जोडल्या. जुन्या बाजूला "एक्स्पोर्ट", नव्या बाजूला "इम्पोर्ट". एक फाइल कॉपी न करता बिऱ्हाड हललं.

एक अपवाद इथंच सांगायला हवा. जुन्या फ्रीनॅसमध्ये ज्यांनी फ्रीबीएसडीची स्वतःची गेली नावाची कूटबद्धता वापरली होती, त्यांच्या डिस्का लिनक्सवाल्या आवृत्तीनं घेतल्या नाहीत, कारण ते कुलूप फक्त फ्रीबीएसडीतच उघडतं. बाकी सगळं खुलं, आणि एक कडी बंद. तेवढी पुरते.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण, ड्रोबो. २००७ साली हा डबा बाजारात आला तेव्हा आम्ही सगळेच त्याच्याकडे कौतुकानं पाहत होतो. वेगवेगळ्या आकारांच्या डिस्का कोंबा, हिरवा दिवा लागला की सगळं ठीक, लाल लागला की ती डिस्क बदला. आजीलाही कळेल असं. आतली मांडणी मात्र कंपनीची स्वतःची, बियाँडरेड नावाची, आणि पूर्णपणे बंद. २०२२ साली तिच्या मालक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२३ साली ती मोडीत निघाली. आता विचार करा, कुणाच्या घरी ड्रोबोचा डबा जळला आणि आतल्या डिस्का ठणठणीत आहेत. त्या साध्या संगणकाला जोडल्या तर काही दिसत नाही. उपाय दोन: जुन्या बाजारातून दुसरा ड्रोबो शोधायचा, किंवा लिपी उलगडून बसलेल्या एखाद्या डेटा-रिकव्हरी सॉफ्टवेअरला पैसे मोजायचे. कॅसेट हातात आहे, मशिन समोर आहे, आणि लग्न दिसत नाही. पालच्या काळात निदान कन्व्हर्ट करून देणारा दुकानदार तरी गल्लोगल्ली होता!

आणि "आमच्याकडे असा सर्व्हर-बिर्व्हर काही नाही" म्हणून निवांत बसणाऱ्यांनी कपाटातली यूएसबीची हार्ड डिस्क आठवावी. काही नामवंत कंपन्यांच्या डिस्कांत, तुम्ही पासवर्ड ठेवला नाही तरीसुद्धा, यूएसबीच्या त्या इवल्याशा सर्किटमध्ये सगळा डेटा कूटबद्ध होऊनच आत जातो. डिस्क शाबूत, सर्किट जळलं. डिस्क काढून संगणकाला थेट जोडली तर नुसता कचरा. दुसरा नमुना वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हचा. त्यात फाइल सिस्टिम खुली, लिनक्सची नेहमीचीच. पण आत पॉवरपीसी चिप असल्यामुळं डिस्कवरचे ठोकळे ६४ किलोबाइटचे पाडलेले, आणि घरोघरच्या संगणकांवरचं लिनक्स चार किलोबाइटांपेक्षा मोठे ठोकळे उघडायला नकार द्यायचं. वाकडी वाट धरून डेटा निघायचा, पण ती वाट सामान्य माणसाची नव्हे. म्हणजे "खुलं आहे" असं खोक्यावर छापलेलं असणंही पुरेसं नाही. दुसऱ्या मशिनमध्ये ते उघडून पाहिलेलं असलं पाहिजे.

यावर येणारे आक्षेप मला तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप सोयीचा: "सामान्य माणसाला लिनक्स-फिनक्स नको असतं, त्याला बटण दाबून चालणारा डबा हवा असतो." मान्य. एकदम मान्य. मी कुणाला काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायला सांगत नाही. सिनॉलॉजीचं उदाहरण घ्या. डबा बटणं दाबून चालतो, पण आत लिनक्सचीच मांडणी आहे, आणि डबा बंद पडला तर डिस्का लिनक्सच्या संगणकावर कशा वाचायच्या हे कंपनीनंच लिहून ठेवलं आहे. म्हणजे सोय आणि मोकळीक एकत्र नांदू शकतात. पण याच कंपनीनं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं, की तिच्या त्या वर्षीच्या प्लस मालिकेतल्या डब्यांना कंपनीनं मान्य केलेल्याच डिस्का लागतील. गिऱ्हाईक खवळलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हार्ड डिस्कांपुरती ही अट मागं घ्यावी लागली. शेवट गोड झाला. पण धडा घ्या: डबा तुमच्या घरात, पैसे तुमचे, आणि त्यात काय चालेल हे ठरवणारा माणूस भलतीकडेच बसलेला. उद्या तो पुन्हा विचार बदलू शकतो. तेव्हा तुमच्या हातात फक्त एकच ताकद असते: डिस्का उचलून निघून जाण्याची. सोय मोजायची ती डबा घरात येतो त्या दिवशी नाही, जातो त्या दिवशी.

दुसरा आक्षेप: "हे सगळं कशाला, क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा." हे म्हणणारे लोक फार आत्मविश्वासानं म्हणतात. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली, तेव्हा याच लोकांची कुठले फोटो काढून टाकावेत म्हणून धांदल उडाली होती. मायस्पेसचं तर त्याहून भारी. २०१९ साली त्यांनी कबूल केलं, की सर्व्हर हलवताना तीन वर्षांहून जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ गेले, आणि २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत नाहीसं झालं. लक्षात घ्या, हल्ला नाही, आग नाही, पूर नाही. बिऱ्हाड हलवताना सामान हरवलं! पगारी इंजिनियरांच्या फौजेकडून. क्लाउड वाईट नाही. दुसरी प्रत ठेवायला उत्तम जागा आहे. पण एकुलती एक प्रत तिथं ठेवणारा माणूस भाडेकरू आहे, आणि त्यानं करारनामा वाचलेला नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच जातभाईंचा, म्हणजे तांत्रिक मंडळींचा: "माझ्याकडे रेड आहे, एक डिस्क गेली तरी फरक पडत नाही." अहो, डिस्क गेली तर पडत नाही. पण तुम्ही चुकून फोल्डर पुसलंत तर रेड ते सगळ्या डिस्कांवरून इमानेइतबारे पुसतं. आणि बिऱ्हाड हलवायच्या दिवशी तर चारही डिस्का एकाच वेळी एकाच अनोळखी मशिनच्या तोंडी असतात. एक चुकीचं "हो", आणि चारही जणी एकदमच गेल्या. रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. हे वाक्य हजार वेळा लिहून झालं आहे, तरी एक हजार एकाव्या वेळी लिहितो, कारण डिस्का हलवणाऱ्या प्रत्येकाला ते नेमकं तेव्हाच कळतं.

आता खरं दुखणं, जे माझ्या बिरादरीला झोंबणार आहे. आम्ही परदेशातली मुलं सुट्टीत घरी येतो, आई-बाबांचे फोटो "व्यवस्थित लावून देतो". येताना डबा आणतो, डिस्का घालतो, वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवतो, आणि परत जातो. पासवर्ड शिकागोत. ईमेलवर येणाऱ्या धोक्याच्या सूचना शिकागोत. कूटबद्धतेची किल्ली शिकागोत, तीही आमच्या कामाच्या लॅपटॉपवर. पुण्यात राहतो तो एक गुणगुणणारा डबा, ज्याला हात लावायची बाबांना भीती वाटते. दिवा लाल झाला की त्यांनी फोन करायचा, साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक मोजून. त्यांच्याच लग्नाचे फोटो पाहायला त्यांना आमची परवानगी! आम्ही याला सेवा म्हणतो. मी याला ताबा म्हणतो. ज्या घराची आठवण आहे त्या घराला ती आपली आपण उचलून गल्लीतल्या संगणकवाल्याकडे नेता आली पाहिजे. आणि त्या संगणकवाल्यानं डिस्क जोडल्यावर फोटो दिसले पाहिजेत. एवढी एक परीक्षा जो डबा पास होत नाही, तो आई-वडिलांच्या घरात ठेवू नये.

मग ठेवावं काय? माझं उत्तर अगदी गावठी आहे. डबा हवा तर ठेवा, रोजच्या वापराला. पण त्याच्याबरोबर एक साधी, सुटी डिस्क, विंडोज जिला विनातक्रार वाचेल अशा साध्या पद्धतीनं भरलेली, कुलूप-कूटबद्धतेशिवाय. तिच्यावर सगळ्या घरगुती फायलींची पूर्ण प्रत. (बँकेचे कागद वेगळे ठेवा, त्यांना कुलूप हवंच.) ती कपाटात, आणि तशीच दुसरी मावशीकडे किंवा काकांकडे, दुसऱ्या घरात. दर दिवाळीला दोन्ही जोडून पाहायच्या, ताज्या करायच्या. आणि एक कागद, मराठीत, हातानं लिहिलेला: डब्यात कुठली पद्धत आहे, किती डिस्का आहेत, पासवर्ड काय, आणि डबा मेला तर कुणाला विचारायचं. हा कागद देव्हाऱ्याच्या खणात. त्या खणातले कागद हरवत नाहीत, हा आपल्याकडचा अनुभव आहे.

आणि हलवायची वेळ आलीच, तर क्रम हा. आधी दुसरी प्रत, मग बाकी सगळं. डिस्कांवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवा, लागणार नसल्या तरी. जुनी प्रणाली अजून जिवंत असेल तर तिच्याकडून रीतसर निरोप घ्या, तारा उपटू नका. नव्या प्रणालीला पहिल्यांदा फक्त वाचायला सांगा. तिनं "डिस्क तयार करू का", "फॉरमॅट करू का", "इनिशियलाइझ करू का" असं काहीही विचारलं तर उत्तर नाही. तिनं "नव्या आवृत्तीला अपग्रेड करू का" विचारलं तर उत्तर इतक्यात नाही. झेडएफएसमध्ये एकदा नवी वैशिष्ट्यं चालू केली, की जुनी प्रणाली तो गट उघडेलच असं नाही, म्हणजे परतीचं तिकीट फाडल्यासारखं होतं. फायली दिसतात पण उघडत नाहीत, असं झालं तर घाबरू नका. बहुधा जुन्या आणि नव्या प्रणालीतले वापरकर्त्यांचे नंबर जुळत नसतात, तो दुरुस्त होणारा प्रकार आहे. यूएसबीच्या खोक्यातून काढलेली डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नसेल, तर ती मेली असं लगेच समजू नका. काही नव्या डिस्का ३.३ व्होल्टची एक पिन जिवंत दिसली की मुद्दाम बंद राहतात. आणि नव्या घरी सगळं लागल्यावरही जुना डबा महिनाभर तरी विकू नका. नव्या जागेत गॅस नीट पेटेपर्यंत आपली आई जुना स्टोव्ह टाकत नसे, तेच शहाणपण.

एक गोष्ट राहिली, आणि ती खास आपली आहे. समजा डिस्क हलली, फाइल दिसली, उघडली, आणि आत अगम्य रोमन अक्षरांची रांगोळी! कारण ती १९९० च्या दशकात कृतिदेव किंवा तशाच एखाद्या फॉन्टमध्ये टंकलेली. तो फॉन्ट असेल तरच तिचं मराठी होतं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरी आपण कितीतरी वर्षं फॉन्टवाल्यांच्या खाजगी लिपीत लिहीत राहिलो. किती संस्थांची इतिवृत्तं, दिवाळी अंकांचे मजकूर, आजोबांनी मुलाकडून टाइप करून घेतलेल्या आठवणी अशा कुलूपबंद पडल्या असतील. "तिकडे चालेल का" हा प्रश्न डब्यापाशी थांबत नाही, तो अक्षरापर्यंत जातो. आज वेळ आहे तोवर त्या फायली युनिकोडमध्ये आणून ठेवा. फॉन्ट सापडतो आहे तोवर.

डेव्हनवर आता कॅसेटसाठी कुणी येत नाही. फोनच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, व्हिडिओ कुठूनही कुठंही दिसतो, त्यामुळं तो प्रश्नच आपल्या तोंडून गेला. पण तो प्रश्न सुटला तो आपोआप नाही. एकच वस्तू सगळीकडे खपावी म्हणून कंपन्यांना तो सोडवावा लागला. डिस्कांच्या बाबतीत त्यांना तशी काही गरज नाही. उलट तुम्ही अडकलात तरच त्यांचं भलं. म्हणून तिथं आपल्यालाच विचारावं लागेल. पुढच्या वेळी दुकानदार तुम्हाला किती टेराबाइट, किती डिस्का, किती वेगवान हे सांगत असेल तेव्हा त्याला मध्येच थांबवा. आतल्या डिस्का काढून त्याच्या काउंटरवरच्या संगणकाला लावल्या तर फोटो दिसतील का, एवढंच विचारा. तो "हो" म्हणाला तर दाखव म्हणा. "असं कुणी करत नाही हो साहेब" म्हणाला, तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.